तिसरा सिलिंडर

अकरा, अकरा, सात, दहा.
उस्ता सापारबेकने खडूने आकडे दारावर लिहिले
आणि सातच्या खाली रेघ मारली.
मग तिसऱ्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजलं.
काटा दहावर चढला.
"रिंगा," तो म्हणाला. "व्हॉल्व्ह ठीक आहेत. रिंगा गेल्यात."
बाहेर बालिक्चीचा वारा पत्रे उचकटत होता.

सहा लाख चाळीस हजार किलोमीटर.
नारिन ते बिश्केक, बिश्केक ते नारिन,
सात सीटं, टपावर गोण्या, कधी पाय बांधलेला मेंढा,
दोलोनच्या चढावर दुसरा गिअर
आणि मागे निळा धूर, इतका
की गेल्या हिवाळ्यात एका बाईने विचारलं,
काका, गाडी पेट्रोलवर चालते की तेलावर?
मी हसलो.
पुढच्या पंपावर गुपचूप अर्धा लिटर ओतलं.

"बाजारात जा," उस्ता म्हणाला,
"जपानहून आलेलं इंजिन घे, प्लास्टिकात गुंडाळलेलं.
दोन दिवसांत बसवतो.
पोटात काय आहे ते त्यालाच ठाऊक. झाकली मूठ.
नाहीतर हेच उघडू. बोअर, पिस्टन, बेअरिंगं.
पैसे जवळपास तेवढेच,
तीन आठवड्यांचं भाडं बुडेल ते वेगळं."

बाजारात गेलो. इंजिन देखणं होतं.
"पन्नास हजार फक्त," विकणारा म्हणाला,
"एकाच म्हाताऱ्याने चालवलेलं."
मी परत आलो. म्हटलं, हेच उघड.
हे निदान माझं आहे. नव्वद हजारांवर घेतलेलं,
कुणाचा हात न लागलेलं.
तसं मी सगळ्यांना सांगायचो,
लग्न जुळवणाऱ्याने स्थळाबद्दल सांगावं तसं.

हेड उतरलं.
उस्ताने चिंधीने पिस्टनवरची काजळी पुसली
आणि खाली कोरलेला आकडा दिसला: ०.५०
तो काही बोलला नाही. टॉर्च माझ्या हातात दिला.
मग म्हणाला,
"आधी उघडलंय कुणीतरी. अर्धा मिलिमीटर खरवडून
मोठे पिस्टन घातलेत.
नव्वद हजार कुठले रे,
तुझ्याकडे आलं तेच म्हातारं होऊन."

चौदा वर्षं.
राग यायला हवा होता त्या सोन्याच्या दातवाल्याचा,
ज्याने किल्ली देताना माझा हात दोन्ही हातांत धरला होता.
पण मला तो दुसराच दिसत राहिला,
ज्याने हे काम केलं. ओसाकात? व्लादिवोस्तोकला?
काम चोख होतं.
त्याच्या जिवावर मी घाट चढलो
आणि श्रेय दिलं कंपनीला.

उस्ताने तिसऱ्याच्या भिंतीवर नख फिरवलं. अडकलं.
"ही पायरी मात्र तुझी.
कुठल्या वर्षी तेल बदललं नाहीस?"
आयदाईची कॉलेजची फी भरली, त्या वर्षी.
म्हटलं, आठवत नाही.

रात्री बुरुलचाने विजेच्या बिलामागे हिशेब मांडला.
इंजिनाचं काही विचारलंच नाही.
"अजून किती हिवाळे चालवणार?"
मी म्हणालो, आठ.
तिने चार लिहिलं.

"अजून एकदा निघेल," सकाळी उस्ता माप पुसत म्हणाला.
"एक मिलिमीटर. त्यापुढे भिंतच उरत नाही."
आणि किती चालेल?
"तेल बदललंस तर," तो म्हणाला, आणि चहा ओतायला गेला.

ब्लॉक खरादावरून आला तेव्हा मला वाटलं होतं
भिंती आरशासारख्या असतील.
तिरक्या रेघांचं जाळं होतं, बारीक, मुद्दाम ओरखडलेलं.
गुळगुळीत भिंतीवर तेल थांबत नाही म्हणे.

सगळं जुळून आल्यावर
उस्ता हातोडी आणि ठसे घेऊन उभा राहिला.
"बाहेरून मारू आकडा? कुणालाही दिसेल असा?
विकशील तेव्हा भाव पाडतील."

मार, म्हटलं.
हेड न उतरवता वाचता येईल तिथे.