दोन उत्तरांची सरासरी

टाटा गावाबाहेर, अँटी-अ‍ॅटलसच्या उघड्या बरगड्यांवर
अठ्ठेचाळीस ठिकाणी मी दगडाला होकायंत्र टेकवलं.
कललेल्या थरावर बाटलीतलं पाणी ओतायचं:
ओघळ पळतो ती नती.
तिला काटकोनात, ना चढणारी ना उतरणारी
आडवी रेघ, तो नतिलंब.
बिही म्हणाला, इत्तो, पाणी प्यायचं असतं.

रात्री जनरेटरच्या घरघरीत
पायथनला सांगितलं, मधलं भर.
अकरा किलोमीटर वाळू आणि दरड,
त्याने तीन सेकंदांत भरली, निमूट.
आणि पूर्वेच्या धारेवर सगळ्या रेघा
डोंगराला आडव्या कापत गेल्या,
विंचरलेल्या केसांतून कुणी उलटी फणी ओढावी तशा.

चूक सापडायला चहाच्या दोन किटल्या लागल्या.
एका दगडापाशी मी लिहिलं होतं: दोन अंश.
शेजारच्यापाशी: एकशे अठ्ठ्याहत्तर.
एक उत्तरेच्या जरा अलीकडे, एक जरा पलीकडे,
खांद्याला खांदा लावून उभे दोघे.
बेरीज केली, निम्मी केली,
दोन उत्तरांची सरासरी निघाली पूर्व.

रेषेला तोंड नसतं. दोन टोकं असतात.
म्हणून आधी कोन दुप्पट करायचा,
मग शाळेत ज्या मला कधी जमल्या नाहीत
त्या ज्या आणि कोज्या
वेगवेगळ्या पसरायच्या नकाशाभर,
आणि शेवटी परत निम्मं.
रेघा वळल्या. धारेच्या कुशीला लागून झोपल्या.

सकाळी बिहीने पडद्यावर वाकून पाहिलं.
काठीचं टोक काचेला लागेल म्हणून मी दचकले.
"ही तर आमच्या शेळ्यांची वाट," तो म्हणाला,
"भरल्या पोटी त्या उगाच चढत नाहीत.
पण इथं खोटं आहे."
इथं म्हणजे एकोणिसावा आणि विसावा बिंदू यांच्या मधोमध,
जिथे माझी रेघ सर्वांत सुंदर होती.
"इथं त्या थांबतात. चाळीस हात खाली उतरतात.
अलीकडची विहीर गोड, पलीकडची खारट."

मी चालत गेले. वाळूखाली काहीच दिसत नव्हतं.
दोन्ही विहिरींचं पाणी चाखलं.

कोडमध्ये एक विभंग घातला:
ह्या ओळीपलीकडच्या दगडाला
अलीकडचं काही विचारू नये.
आणि त्याच्या वर, टिपेच्या खुणेपुढे,
आधार: बिहीच्या शेळ्या, एकूण तेवीस,
त्यांतली एक लंगडी.