खाडाखोड

एप्रिल सरत आला, तरी तळं गोठलेलंच.
तळं म्हणायचं म्हणून; पलीकडचा काठ इथून कुणी पाहिलेला नाही.
खनिजाची जहाजं धक्क्याला अडकून भोंगा देतात
आणि माझ्या वर्गाच्या काचा थरथरतात.

चौथ्या तासाला आज भूमिती नाही. आज पाहणी.
सव्वीस पोरं, सव्वीस पाकिटं, लाकडी पेन्सिली.
नाव लिहायचं नाही. फक्त गोल काळे करायचे.
सूचना मोठ्याने वाचायची असते, मी वाचली:
"तुम्ही काय लिहिलंत ते कुणालाही कळणार नाही."
वाचताना वाटलं, हेच वाक्य इथल्या एखादीला
कुणीतरी आधीच सांगून ठेवलंय,
वेगळ्या सुरात.

गेल्या तीस दिवसांत किती दिवस दारू घेतलीस?
"सर, फेब्रुवारी धरला तर अठ्ठावीसच होतात,"
मागून डेव्हिन स्क्राबा. हशा.
मीही हसलो. हसायला नको होतं.
आंब्याच्या वासाचा धूर मुलांच्या बाथरूममध्ये
इतका मुरलाय की झाडूवाला म्हणतो,
बाग लावली की काय इथे कुणी.
आणि पाण्याच्या बाटल्यांत पाणीच असतं
असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय.

मग पानं उलटल्याचे आवाज, आणि तो प्रश्न:
ज्याच्याशी किंवा जिच्याशी तुझं जमलंय,
त्या व्यक्तीने तुला मुद्दाम
मारलं, ढकललं, कशावर आपटलं?
एकदाही नाही. एकदा. दोन-तीनदा. चार-पाचदा. त्याहून जास्त.
गोलांची शिडी.

काइया लाम्पिनेन खिडकीपाशी.
हीटर चालू, तरी बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या.
तिने एक गोल काळा केला. खोडला.
वरचा केला. तोही खोडला.
खोडरबराचा चुरा फुंकला. पुन्हा खालचा.
मी छताकडे पाहिलं. पोरांच्या कागदात डोकवायचं नाही हा नियम आहे,
आणि नियम पाळणं मला आयुष्यभर सोयीचं गेलंय.

सतरा वर्षांचा होतो.
डॉरीन मॅकी गाडीत बसली होती, दार आतून लावून.
मी काच फोडली, मुठीने.
गावाने माझी मूठ पाहिली: सात टाके, बिचारा.
"पोटात दारू होती हो त्याच्या," आई म्हणाली,
"आणि जीवही तेवढाच लावतो तिला."
डॉरीनच्या केसांतले तुकडे कुणी वेचले
ते मी आजतागायत विचारलेलं नाही.
दारू सुटली त्याला एकोणतीस वर्षं झाली.
आईचं ते वाक्य मात्र अजून गावात राहतं,
भाडं भरत नाही, म्हातारं होत नाही.

कोल्टनबद्दलही तेच सांगतील.
हॉकीत भिंतीसारखा उभा राहतो. चांगला पोरगा.
नंतर रडतो, खरंच रडतो,
डोनटचा डबा घेऊन तिच्या लॉकरपाशी.

घंटा झाली. पाकिटं आली. तिचं शेवटी.
आत सरकवण्याआधी तिने पान उजेडात धरलं.
त्या एका ओळीवर कागद इतका घासलेला
की खिडकी आरपार दिसत होती.
"सर, खोडलेलं यंत्राला वाचता येतं?"
"नाही," मी म्हणालो. "यंत्राला नाही."
तिच्या खिशात फोन गुरगुरला,
थांबला, पुन्हा गुरगुरला.
पार्किंगमध्ये निळा पिकअप, इंजिन चालू.

सांगायला माझ्याकडे भिंतीवरच्या पत्रकातला नंबर होता,
तळमजल्यावरची मिसेस ओयेनची खोली होती.
ते सांगेन, सांगायलाच हवं, आजच,
पण आधी तोंडून निघालं ते एवढंच:
"जेवणाची सुट्टी इथे काढलीस तरी चालेल.
बोलायलाच हवं असं नाही.
मी वह्या तपासतोय."

ती बसली. दारालगतच्या बाकावर,
दप्तर पाठीवरून न काढता.
फोन पालथा, वर तळहात,
वाटीखाली गांधीलमाशी धरून ठेवावी तसा.

जहाजाने भोंगा दिला. काचा थरथरल्या.
तिने हात उचलला नाही.
मी तीच वही तिसऱ्यांदा उघडली.