अंडीपिल्ली

काकामेगाच्या जमीन नोंदणी कार्यालयात
चार नंबरच्या खिडकीमागे बसते इमेल्डा खावेत्सा.
आठ ते पाच सरकारची,
उरलेले तास एकशे बत्तीस अंड्यांची.

पेन्सिल मात्र एकच.
तिनेच दिवसा लोकांच्या हद्दी आखायच्या,
तिनेच रात्री प्रत्येक अंड्यावर
एका अंगाला फुली, दुसऱ्या अंगाला गोळा.
सकाळी फुली वर, दुपारी गोळा वर,
निजताना पुन्हा फुली.
दुपारची पाळी धाकट्या भावाची;
तो विसरतो, म्हणून ती फोन करते,
नकाशाची गुंडाळी तोंडासमोर धरून.

मी शेजारच्या टेबलावर.
माझ्या पायाशी अॅव्होकाडोची चाळीस रोपं
दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत.
मी काय बोलणार?
शिपाई मुसुंगू जेवणाच्या सुट्टीत
मागच्या जिन्यावर केस कापतो.
पगार अठ्ठावीसला येतो
आणि तीस तारखेला त्याची आठवण उरते.

शिमुली साहेब तेवढे धुतल्या तांदळाचे.
दर सोमवारी ऐकवायचे,
दोन्ही डगरींवर हात ठेवू नका, बुडाल.

एकोणिसाव्या दिवशी, मंगळवारी, सव्वादहाला
गावाची वीज गेली.
पडदे काळे झाले, रांग कुरकुरली,
इमेल्डाचा फोन टेबलावर थरथरत सरकला.
भावाचा एकच शब्द : गेली.

आता अंडी फिरवायची नसतात.
आत पिल्लू चोच वर करून बसलेलं असतं
आणि त्याला फक्त ऊब हवी असते,
आपल्याला हवी असते तशीच,
पण अंश मोजून.

ती साहेबांच्या दारात उभी राहिली.
म्हणाली, पोटात दुखतंय.
साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.
“किती?”
ती गप्प.
“किती आहेत म्हणतो मी.”
“एकशे बत्तीस.”

मग ते उठले, किल्ली घेतली,
मला म्हणाले, तूही चल, उचलायला माणूस हवा.
गाडीची डिकी उघडली
तर आत मरून स्वेटर, गठ्ठ्यांवर गठ्ठे,
शाळेचा बिल्ला शिवलेले,
प्लास्टिकसुद्धा न काढलेले.
“पुढच्या सत्राचे,” साहेब म्हणाले
आणि उगाच आकाशाकडे पाहिलं.

तिच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही तिघांनी
त्या लाकडी पेटीला स्वेटर घातले.
हवेची भोकं मोकळी सोडून
बाह्या बाह्यांत अडकवल्या,
जणू पहिलीचा अख्खा वर्ग
एका पेटीला मिठी मारून उभा.
साहेब गुडघ्यावर बसून
उष्णतामापक वाचत होते, मोठ्याने,
कुणी न विचारता.
खिडकी क्रमांक चारसमोर
रांग तशीच उभी होती. तेही खरंच.

वीज तीनला आली.
गुरुवारी निघाली चौऱ्याण्णव.
राहिलेली अडतीस तिने आणखी एक रात्र ठेवली,
मग एकेक कानाशी धरलं,
आणि केळीच्या बुंध्याशी खड्डा खणला.
दुसऱ्या दिवशी आठला खिडकीत हजर,
नखांत माती.

सहा स्वेटरांचा वास काही जाईना.
त्यांचे पैसे साहेबांनी पिल्लांत घेतले,
घासाघीस करून, दोन जास्तच.

जानेवारीत बसथांब्यावर एक मुलगी दिसली,
नवा मरून स्वेटर,
कोपराशी पिवळी लव चिकटलेली.
मी काही बोललो नाही.

सोमवारी साहेब आता डगरींवर येत नाहीत.
परवा माझ्या टेबलाशी रेंगाळले,
बुटाच्या टोकाने एक पिशवी जरा सरकवली,
आणि विचारलं,
रोप कितीला?