निरंक

महिन्याच्या शेवटच्या तारखेला
अहवालात एक रकाना असतो, अगदी तळाशी:
सुई टोचल्याच्या घटना.
आठ वर्षं मी तिथं लिहीत आले
निरंक.
पेनालाच सवय झालेली,
वर काय छापलंय ते वाचावंही लागायचं नाही.

शिंदखेड्याचं ग्रामीण रुग्णालय, तीस खाटा,
वैशाखात पंखा उकळता वारा ढवळतो.
त्या रात्री दोन बाळंतपणं, लागोपाठ,
मध्येच विंचू चावलेला एक पोरगा.
सुईवर टोपण दोन्ही हातांनी बसवायचं नसतं,
हे मीच शिकवते नव्या मुलींना,
भिंतीवरचं चित्रही मीच चिकटवलंय.
बसवायला गेले, हुकलं,
ठेवली ट्रेमध्ये, कापसाखाली,
आलेच म्हणून.
पांढरा डबा गळ्यापर्यंत भरलेला,
नवा कोठारात,
कोठाराची किल्ली नरडाण्याला,
किल्लीवाल्याच्या मेव्हण्याच्या हळदीत.

सकाळी सहाला सुपडाबाई बैसाणेंनी
पिवळ्या पिशवीची मान आवळली गाठ मारायला.
हातमोजे कालचेच, धुऊन खिडकीच्या गजावर वाळवलेले,
दोन्ही उजव्याच हाताचे.
"आई वं," एवढंच.
आणि बोट तोंडात.

मी ओरडले. त्या हसल्या.
"काय व्हस ताई, कपाशीनं बोंड बी टोचस."
तीस वर्षं दुसऱ्याची कपाशी वेचलेलं बोट,
टोचलं की तोंडात, एवढंच त्याला ठाऊक.
मी ते ओढून काढलं, नळाखाली धरलं.
दाबू नका. पिळू नका. नुसतं वाहू द्या.
साबण लावा, पुन्हा वाहू द्या.
टाकीत पाणी होतं, नशीब.
दिवसाआड असतं.

सुई कुणाची? दोघींपैकी एकीची.
एकीचे कागद फाइलला,
दुसरी ऊसतोडीवरून थेट कळा घेऊन आलेली.
आमच्या कपाटातल्या गोळ्यांची मुदत फेब्रुवारीतच उलटलेली.
गिरासे डॉक्टर घड्याळाकडे बघून म्हणाले,
धुळ्याला. आत्ता. चहासुद्धा नको.

भटूनं गाडी काढली.
मी विचारलं, काविळीची लस घेतली होती ना तुम्ही?
"ती परमनंटवालासले भेटनी. मी ते ठेकानी."
मग सोनगीर आलं.
दुकानांपुढं तांब्याची भांडी मांडत होते,
त्या काचेला नाक लावून बघत राहिल्या,
नातीच्या लग्नात एक हंडा द्यायचाय म्हणाल्या,
किती पडेल?
मी किंमत सांगू शकले नाही.
मी माझ्या अंगठ्याकडे बघत होते.
तीनदा टोचलंय त्याला.
एकदा तर माझं लग्न ठरलेलं होतं.
कुणाला सांगितलं नाही,
आणि त्या तिन्ही महिन्यांत
निरंक लिहिणारा हात हाच.

दुपारी परत आलो. रजिस्टर शोधावं लागलं,
जुन्या पोलिओच्या बॅनरखाली होतं, पहिलं पान कोरं.
कारकून म्हणाले, लिहिताय? वरून विचारणा येईल.
येऊ दे म्हटलं.
नाव: सुपडाबाई. वेळ: सहा वाजून दहा.
कारणाच्या रकान्यात आधी लिहिलं, निष्काळजीपणा.
कुणाचा, ते तिथं दिसत नव्हतं.
खोडलं.
लिहिलं: ट्रेमध्ये सुई मी ठेवली होती.
खाली सही. आणि आणखी खाली,
जागा नव्हती तरी,
डबा, किल्ली, मोजे, लस.

अठ्ठावीस दिवस गोळ्या.
पहिला आठवडा पोटात काही ठरेना,
कळण्याची भाकरी बघूनच त्या तोंड फिरवायच्या.
घरी विचारलं तर सांगायच्या, पित्त आहे.
पहिला रिपोर्ट चांगला आला. शेवटचा अजून यायचाय.
रोज सकाळी मला बोट दाखवतात,
शाळेतली मुलं एकीची परवानगी मागतात तसं,
आणि स्वतःच हसतात.
मला अजून जमत नाही.

परवा लॅबमधला कल्पेश दारात उभा राहिला,
कोपरापर्यंत हात ओला, टपटप गळणारा,
चेहरा चोरी पकडल्यासारखा.
म्हणाला,
सिस्टर, ते रजिस्टर कुठं असतं?