शेवटचा फर्मा

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार. टिप्टन गावात, कालव्याच्या कडेला,
पबच्या वरच्या खोलीत आम्ही नऊजण.
मागल्या वर्षी अकरा होतो.
नेव्ह ट्रँटर तबकडी बाहीने पुसतो,
सुई टेकते, आणि टेबलावरचे ग्लास
आधी ऐकतात, मग आम्ही.

सात मिनिटं.
नावाडी, काळं नाणं देणारा उतारू, धुकं,
आणि ती गिटार,
पाण्याखालून साखळदंड ओढत आणल्यासारखी.
मग नदीच्या मधोमध एकच सूर लोंबकळतो
आणि कापला जातो.
किनारा नाही, बुडणं नाही. नुसती सुईची खरखर.

मग भांडण.

थेल्मा कोप म्हणते, गाण्याने पुस्तकाची माती केली.
नावाडी भित्रा होता हे सांगायला तिथे आख्खं प्रकरण खर्ची पडतं,
हळूहळू, चिखलात पाय रुतत जावा तसं.
आणि यांनी? तीन सुरांत उरकलं.
"तीन पुरतात," नेव्ह म्हणतो.
चाळीस वर्षं घणाच्या यंत्रावर काढलेला माणूस,
उजव्या कानाने ठार बहिरा,
टेबलावर तळहात पालथा ठेवून ऐकतो.
त्याच्या मते उतारू म्हणजे फोरमन.
दर वर्षी त्याच्या मते उतारू म्हणजे फोरमन.

गुरमुख जालंधरहून आला तेव्हा त्याला इंग्रजी येत नव्हतं.
"पहिल्या दिवशी भट्टीपाशी, आणि पहिल्यांदा हे गाणं ऐकताना,
मी एकच विचारलं," तो सांगतो, "हे बंद कधी होतं?"
मग ब्याऐंशी साली भट्टी बंद झाली
आणि तो रोज रात्री गाणं लावायला लागला.
पुस्तक त्याने वाचलेलं नाही. वाचणारही नाही.

शेवटावर मात्र सगळे तुटून पडतात.
तो बुडाला.
छे, उतारूने त्याला वल्ह्यासकट विकत घेतलं.
अरे, ती नदी नव्हतीच मुळी!
या एका सुरापायी दोन सख्खे भाऊ
वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते.
थेल्माची नात, एका कानात तीन बाळ्या, म्हणते,
टेप संपली असेल.
तिला कुणी उत्तर देत नाही.

मी माझी शँडी पुरवून पुरवून पिते.

एकोणसत्तर साली मी ग्रंथालयात नवी होते,
टाचणी पडली तरी दचकणारी.
तो पावाच्या गाडीवरचा पोरगा,
केस खांद्यापर्यंत, बाह्यांना पीठ.
पुस्तक तीन आठवडे उशिरा आणलं,
दंड मोजून दिला, आणि विचारलं,
"हे असंच संपतं? मधेच?"
पानांच्या बेचक्यातही पीठ होतं.
मला माहीत होतं. शेवटचा फर्मा निखळून
दुरुस्तीच्या खोक्यात पडला होता, माझ्याच हातून,
आणि ग्रंथपाल मिस पॉइंटन दोन हातांवर उभ्या.
म्हटलं, "हो. असंच."
तो काउंटरपाशी जरा थांबला.
बोटांनी लाकडावर काहीतरी वाजवलं.
गेला.

ती सोळा पानं आता माझ्या घरी आहेत,
बिस्किटांच्या डब्यात, विम्याच्या कागदांखाली.
नावाडी पोहोचतो.
काठावर त्याचा मेहुणा कंदील घेऊन उभा असतो.
जमिनीचा वाद मिटतो.
काळं नाणं धुतल्यावर साधं तांब्याचं निघतं.
मग लग्न, आणि लग्नाचं जेवण,
बदकाच्या रश्शासकट, सव्वादोन पानं.

नेव्ह सुई उचलून पुन्हा कडेला नेतो.
ग्लास थरथरायला लागतात.
"तुम्ही तर वाचलंय ना ते?"
नात माझ्याकडे वळते, मधली बाळी चाचपत.

"वाचलंय," मी म्हणते,
"आमच्या प्रतीत होतं तेवढं."