बिल्ला नंबर सतरा

लिव्हिंग्स्टनच्या फाटकापाशी नामाकाऊ
रेनकोट भाड्याने देते.
दोरीवर टांगलेले पिवळे, निळे,
आतून अजून ओले, मागच्या माणसाच्या अंगाचे.
माझ्या खिशात निघाला कुणाचा तरी
चॉकलेटचा कागद, नीट घडी घातलेला.

तिने माझ्या कानाकडे बोट केलं,
मग पाण्याकडे, मग मान हलवली.
मशीन काढून दिलं.
तिने ते काड्यापेटीत घातलं,
काड्यापेटी पैशांच्या डब्यात, क्वाचाच्या नोटांखाली,
आणि मला बिल्ला दिला : सतरा.
इतक्या जबाबदारीने माझा कान
आजवर कुणी ठेवून घेतला नव्हता.

या धबधब्याचं इथलं नाव
मोसी-ओआ-तुन्या, गरजणारा धूर.
गरजणं काही आपल्या वाट्याचं नाही, म्हटलं,
धूर तेवढा बघून येऊ.

पण पुलावर कठडा धरला
आणि तो हातातून वर चढला,
कोपरापर्यंत, मग दाढांत,
मग छातीवर जिथे बायपासची शिवण आहे तिथे.
पायाखालचा पूल दळण दळत होता.
समोर नदी एका रेषेपर्यंत शहाण्यासारखी येत होती
आणि तिथून सबंधच्या सबंध खाली,
आणि खालून पुन्हा वर, आमच्या तोंडावर,
उलटा पाऊस.

मग लक्षात आलं,
इथे सगळेच बहिरे झालेत.
गाईड शिरा ताणून ओरडतोय,
त्याची दहा माणसं कानाशी हात नेऊन उभी :
माझाच चेहरा, दहा जणांवर.
एक पोरगा भोकाड पसरून रडतोय,
आई पाठमोरी, फोटो काढतेय.
मी इथला जुना रहिवासी.
सांगावंसं वाटलं त्यांना,
ओठांकडे बघा,
आणि कळलं नाही तर मान डोलवू नका,
पकडले जाता.

शालन चार हात पुढे उभी होती.
अकरा वर्षं ती माझ्याशी ओरडून बोलते.
भाजीचा भाव, डॉक्टरची वेळ, लेकीचा घटस्फोट,
सगळं एकाच पट्टीत.
शेजाऱ्यांना आमची गुपितं पाठ आहेत.
तिचा हळू आवाज कसा होता
मला आठवत नाही, तिलाही नसेल.
तिने रेनकोटची टोपी मागे सारली
आणि पाण्याला काहीतरी म्हणाली.
हळू म्हणाली. ओठांवरून कळतं ते.

एकच शब्द.
मधे ओठ मिटले, मग जीभ टाळूला लागली.
दमले.
किंवा जमलं.
द आणि ज दातांआड राहतात,
शेवटचा स्वर तुषारांनी पुसला.
तिचं तोंड ओलं होतं. सगळ्यांचंच होतं.

जाऊन कठड्यावर
तिच्या हाताशेजारी हात ठेवला.
दोन्ही थरथरले.
त्यात आमचं काही नव्हतं, पाणीच ते.

परतलो तेव्हा नामाकाऊ रेनकोट पिळत होती.
बिल्ला घेतला, काड्यापेटी दिली.
मशीन लावलं. पहिला आवाज तिचाच :
ऑक्टोबरात इथे नुसता कातळ असतो,
आणि लोक पैसे परत मागतात, माझ्याकडे!
मग झाडावर बबूनांची भांडणं,
मग लांबून तो,
पीठ चाळल्याएवढा बारीक.
हसूच आलं.

शालन वळली,
नेहमीसारखा छातीभर श्वास घेतला.
मी म्हटलं, हळू बोल.
नाहीच आलं ऐकू, तर बघेन.