रेडिएटरला हळद

शेषरावांच्या वावरात, तुरीच्या गंजीपाशी,
ट्रॅक्टर दोनदा खोकला आणि थांबला.
थ्रेशर आपल्या मनानं आणखी थोडा फिरला,
मग त्यालाही कळलं.
खाली वाकून पाहिलं तर थेंब.
टपकन्. मग बराच वेळ काहीच नाही. मग टपकन्.
रुसलेलं माणूस बोलतं तसं.

काटा लाल घरात, बोनेट तव्यासारखं.
झाकणावर ओलं पोतं टाकून मी लांब बसलो.
मागं एकदा घाई केली होती,
डाव्या मनगटावर तेव्हापासून केस उगवत नाहीत.

दारव्ह्याला फोन लावला.
रज्जाक मिस्त्री साळीच्या लग्नात, मागं बँड.
"मी येईपर्यंत काही टाकू नको," म्हणाला असावा.
मला ऐकू आलं, "काही टाक."

मग काय, औषधं निघाली.
शालिक म्हणाला, साबण.
"कपड्याचा, आंगाचा नोको. कोरडाच घास, मेनावानी बसते."
बसला. पाच मिनिटं बसला.
मग फटीतून फेस आला, जाळीवरून ओघळला,
आणि ट्रॅक्टर दाढी करायला बसल्यासारखा दिसू लागला.

उकंडा काकाजी उन्हातून चालत आले,
खिशात रुमालात गुंडाळलेलं गावरानीचं अंडं.
"पांढराच टाकजो. पिवळा मले दे."
दिला. त्यांनी तो तिथेच, उभ्या उभ्या प्याला.

सुमनबाई तुरीच्या पेंढ्या ओढत होती, हात न थांबवता म्हणाली,
"जवस कुटून टाका. पान्यात गोया धरते.
माह्या माहेरी टरकवाल्यानं असंच केलतं,
दर्यापूरलोक गेला."
परत आला का, विचारलं.
ते तिला माहीत नव्हतं.

माझ्या मनात मात्र पहिल्यापासून हळद होती.
फटफटी काढली, घरी आलो.
चुलीपाशी कोणी नव्हतं, मागं नळावर भांड्यांचा आवाज.
मसाल्याच्या डब्यातली वाटी घेतली.
चमचाभर नाही, वाटीच.

सुरू केला.
आधी धूर, मग वास,
आणि वास असा की धुऱ्यावरचं कुत्रं उठून बसलं.
"आता निस्तं मीठ राह्यलं," सुमनबाई बोलली.
नाकाडावरून पिवळी धार उतरली, टायरापर्यंत गेली.
नवरदेव झाला म्हणाल्या बाया,
एकीनं गाण्याची अर्धी ओळही म्हटली, उरलेली हसण्यात गेली.
मग थेंब थांबला.
साफ नाही, पण
दर तासाला एक हंडा इतक्यावर राजी झाला.
दिवस मावळेपर्यंत बावीस पोती.

तिसऱ्या दिवशी रज्जाक आला.
खाट टाकून तिच्यावर रेडिएटर उताणा पाडला,
तारेनं एकेक नळी कोरत गेला,
आणि जे निघालं ते वर्तमानपत्रावर मांडत गेला:
"हे अंडं. हा शालिकचा साबन, निया हाय म्हणून.
जवस. हळद. अबे, पापड लाटायचे होते काय?
बारा नळ्या बंद केल्या तुमी, गळत एकच होती!"
आम्ही ओळीत उभे, शाळेतल्यासारखे.

मग तळाच्या कोपऱ्यात त्याची तार अडली.
पक्कडीनं ओढलं.
आगपेटीची काडी, सुताचा धागा गुंडाळून ठोकलेली,
काळी पडलेली, पण घट्ट.
"हे कोण्या येड्याचं काम?"

कोणी बोललं नाही.
मी म्हणालो, "तुमचंच. नऊ वर्षं झाली.
तुम्ही तेव्हा उस्तादांच्या हाताखाली होता.
उद्या येतो, पक्कं करतो म्हणून गेलता."

रज्जाकनं काडी उजेडाकडे धरली.
फिरवून पाहिली. बिडी शिलगावली.
मग ती काडी कागदात गुंडाळून वरच्या खिशात ठेवली
आणि झारणाचे पैसे पूर्ण घेतले,
फक्त येण्याजाण्याचं पेट्रोल सोडलं.

त्या रात्री ताटात वरण पांढरं होतं.
केशरनं वाढलं, समोर बसली.
मी दुसऱ्यांदा मागून घेतलं.